अकरा खुणा

सुरतेच्या उधना भागात एक चार मजली इमारत होती. मजल्याला तीन घरं, एकूण बारा. काही घरं गुजराती, काही खानदेशी, एक ओडिया, एक राजस्थानी. सुरतेत असंच असतं. तापी भुसावळकडून वाहत सुरतेला येते आणि समुद्राला मिळते. तिच्याच खोऱ्यातली माणसं जळगाव, अमळनेर, नंदुरबारहून रेल्वेत बसली, पोटामागे तिच्याच दिशेने आली आणि इथलीच झाली.

इमारतीच्या गच्चीवर सगळ्यांचा मिळून एक सोलर होता. काचेच्या काळ्या नळ्या उतरत्या मांडलेल्या आणि त्यांच्या डोक्याशी आडवी टाकी. नळ्यांतलं पाणी उन्हाने तापायचं, हलकं व्हायचं आणि आपोआप वर टाकीत चढायचं. टाकीतलं थंड पाणी जड, ते खाली नळ्यांत उतरायचं. पंप नाही, मोटर नाही. ऊन असेतो हे फिरणं चालू राहायचं. टाकीला जाड अस्तर होतं, त्यामुळे दिवसा तापलेलं पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत गरम राहायचं. टाकीतून एक पाईप मागच्या भिंतीवरून खाली गेला होता आणि त्यातून प्रत्येक घराला फाटा होता. तापीला सूर्याची लेक म्हणतात. तिच्या गावात सूर्यानेच आंघोळीचं पाणी तापवून द्यावं, हे तसं शोभणारंच होतं.

चौथ्या मजल्यावर, 403 मध्ये, नाना राहत. मूळचे नंदुरबारकडचे. पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये त्यांनी एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंटचा दाखला मिळवला होता, आणि तो दाखला अजून देवघराशेजारी फ्रेममध्ये होता. मिलमध्ये एका बॉयलरची वाफ सगळ्या खात्यांना जायची. रंगाच्या मशीनला वाफ, धुलाईला वाफ, सुकवणीला वाफ. कुठे वाफ कमी पडली की नाना पाईपच्या कडेकडेने चालत जायचे. स्टीम ट्रॅपपाशी थांबायचे, पेचकसाचं टोक लोखंडाला लावायचे आणि मूठ कानाला. आतून टिकटिक येते की सूं आवाज येतो, त्यावरून ट्रॅप धड आहे की वाफ वाया घालवतोय ते सांगायचे. जे तपासून झालं त्यावर खडूने रेघ मारायचे.

नाना नवे होते तेव्हा एका म्हाताऱ्या फायरमनने त्यांना एक सवय लावली होती. बॉयलरला पाण्याची पातळी दाखवणारी काच असते. पाळी सुरू झाली की पहिलं काम त्या काचेचं. तिचा खालचा कॉक उघडायचा, पाणी सोडून द्यायचं, बंद करायचा आणि पाणी झटक्यात परत पातळीला येतं का ते बघायचं. काचेची वाट गाळाने चोंदली असेल तर आत पाणी नसतानाही काच पाणी दाखवते, आणि त्या भरवशावर बॉयलर फुटतो. “आधी आपली काच तपास,” म्हातारा म्हणायचा, “मग बॉयलरबद्दल बोल.” नानांनी एकतीस वर्षं एक पाळी चुकवली नव्हती.

निवृत्तीनंतर गुडघे गेले. उकिडवं बसणं सुटलं, वाकणं सुटलं. मुलाने बाथरूममध्ये स्टूल ठेवलं आणि मिक्सरला लांब नळीचा हँड शॉवर बसवून दिला. शॉवरच्या मुठीवर बटण होतं. दाबलं की पाणी, सोडलं की बंद. नानांनी गरम आणि थंड असे दोन्ही नॉब हवे तेवढे उघडून एकदा मेळ जमवला आणि मग ते हलवलेच नाहीत. रोज उठून वाकायचं कशाला? बटणाने काम भागत होतं. बेत अगदी जमला होता, आणि एवढ्याशा गोष्टीचा नानांना अभिमानही होता.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि इमारतीचं गरम पाणी बिघडलं.

सुरतेची थंडी ती कितीशी! पारा 15 अंशांच्या आसपास आला की इथे माणसं स्वेटर काढतात. पण कामावर जायचं तर सकाळी लवकर आंघोळ हवी, आणि नळाला पाणी यायचं ते कोमट. कधी कोमटही नाही, नुसती थंडी मोडलेलं. लोक आधी म्हणाले, ढग असतील. मग म्हणाले, बोअरचं पाणी आहे, क्षार साचले असतील. प्लंबर आला, त्याने नळ्या धुऊन क्षार काढले. पाणी कोमटच. दुसरा आला, त्याने दोन नळ्या आणि एक वॉशर बदलला. पाणी कोमटच. ढगाळ दिवसांसाठी टाकीत विजेची कॉइल होती, ती रात्रभर चालू ठेवली. बिल वाढलं. पाणी कोमटच.

तीन वेळा पैसे गेले की माणूस यंत्रावरची नजर काढतो आणि माणसांवर ठेवतो. इथेही तसंच झालं.

पहिल्या मजल्यावर, 102 मध्ये, एक बाई भाड्याने राहत होती. नवरा वारलेला, दोन मुली शाळेत. कपडा मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे यायचे, त्यांना ती घरी बसून लेस लावायची. साडीमागे ठरलेले पैसे. मार्केटचा घाईचा काळ आला की मदतीला अजून दोन-तीन बायका यायच्या. साडीला डाग पडू नये म्हणून त्यांना सारखे हात धुवावे लागत. इमारतीत सगळे तिला लेसवाली ताई म्हणत. कुणीतरी म्हणालं, तिच्याकडे दिवसभर नळ चालू असतो. कुणीतरी म्हणालं, इतक्या बाया म्हटल्यावर टाकी संपणारच. ही भाडेकरू, बाकीचे मालक. डिसेंबरात खाली पार्किंगमध्ये मीटिंग झाली. सोसायटीच्या प्रमुखांनी ठराव मांडला की महिनाभर 102 चा गरम पाण्याचा कॉक बंद ठेवावा. ताई म्हणाली, “आम्ही हात थंड पाण्यानेच धुतो.” कुणी ऐकलं नाही. प्रमुखांनी नानांकडे बघितलं. या बाबतीत जाणते तेच. नानांचा गुडघा दुखत होता, मीटिंग लांबली होती. त्यांनी मान हलवली.

कॉक बंद झाला. दुसऱ्या दिवशी पाणी कोमटच आलं. आठवड्यानेही कोमटच. तिचा कॉक बंद करून काही फरक पडला नाही, हे बाकीच्या घरांना रोज सकाळी नळाखाली हात धरल्यावर कळत होतं. तरी तो कॉक कुणी उघडला नाही.

14 जानेवारीला उत्तरायण आलं. त्या दिवशी सुरत घरात नसते, गच्चीवर असते. स्पीकर लागले, तीळ-शेंगदाण्याच्या चिक्क्या फिरल्या, दुपारी उंधियूची पातेली वर आली. लेसवाली ताईची धाकटी मुलगी कुणाच्या तरी पतंगाची फिरकी धरून उभी होती. नाना लिफ्टने वर आले, काठी टेकत टाकीच्या सावलीत खुर्चीवर बसले. उठताना आधारासाठी हात पाईपवर टेकला आणि चटका बसून झटकन मागे घेतला.

टाकीतून खाली जाणारा पाईप रसरसून तापला होता.

नाना पुन्हा खाली बसले. पतंगांकडे त्यांचं लक्ष राहिलं नाही. कुणी पाणी संपवत असेल तर टाकीत थंड पाणी भरलेलं असायला हवं. टाकी रिकामी होत नाही, पाणी तापतंय, पाईपच्या तोंडाशी चटका बसतोय. आणि नळाला कोमट. म्हणजे गरम पाणी गच्चीवरून निघतं आणि वाटेत त्यात थंड मिसळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आंघोळी उरकल्यावर, नऊ वाजता, नाना परत वर गेले. मनगटाची मागची बाजू पाईपला लावून बघितली. अजून गरम. ते प्रमुखांकडे गेले.

“पाणी कुणीच संपवत नाही,” नाना म्हणाले. “कुठल्यातरी घरात गरमची आणि थंडची वाट एक झालीये. थंडची टाकी उंच, पाईप जाड, त्याचा जोर जास्त. कुणी खाली गरम नळ उघडला की तिथून थंड पाणी गरमच्या पाईपमध्ये शिरतं.”

“काका, मग शोधा तुम्ही,” प्रमुख म्हणाले. “सापडलं की 102 चा कॉकपण उघडू. तोवर राहू दे.”

तोवर राहू दे, हे नानांनाही पटलं.

रविवारी नाना खडू घेऊन निघाले. सोबत वॉचमन. रीत सोपी होती. एका घरात शिरायचं, बाथरूममधला गरम पाण्याचा कॉक बंद करायचा. खाली पार्किंगमधल्या मोरीत गरम पाण्याचा नळ होता, तो वॉचमनने सोडायचा, शंभर आकडे मोजायचे आणि हात धरायचा. ज्या घराचा कॉक बंद केल्यावर खाली कढत पाणी येईल, त्या घरात दोष.

101 मध्ये कॉक बंद केला. खालून फोन आला, “नाना, कोमट.” पाईपवर खडूची रेघ. 102 मध्ये कॉक आधीच बंद होता. ताईने दार उघडलं, बाजूला झाली, काही बोलली नाही. नानांनी कॉकला हात न लावता नुसती रेघ मारली. 103, “नाना, कोमट.” दुसऱ्या मजल्यावर राजस्थानी बाईने चहा दिला आणि वरच्यांची तक्रार सांगितली. तिसऱ्या मजल्यावर पोहे मिळाले आणि खालच्यांची तक्रार. “नाना, कोमट.” “नाना, कोमटच.” दुपारी चौथा मजला आला. 401, कोमट. 402, कोमट. नानांचे गुडघे ठणकत होते. शेवटची रेघ मारून ते घरी जाऊन आडवे झाले.

संध्याकाळी त्यांनी प्रमुखांना सांगितलं, घरांत दोष नाही, भिंतीत असणार. पाईप टाकतानाच कुणीतरी चुकीचा जोड दिला असेल. मागची भिंत फोडून बघावी लागेल. प्रमुखांनी कपाळावर हात मारला, पण मंगळवारी सकाळी गवंडी आणि प्लंबर दोघांना बोलावलं. घरटी वर्गणी ठरली. त्यात 102 सुद्धा होतं.

सोमवारी रात्री नाना वही घेऊन बसले. मिलमध्ये दर तासाला नोंद करायची सवय होती. दाब किती, पातळी किती, कोळसा किती. ती सवय सुटली नव्हती. गवंड्याला दाखवायला बरं म्हणून त्यांनी तपासलेली घरं ओळीने लिहिली. 101, 102, 103. मग दोनशे, तीनशे. 401. 402.

पेन थांबलं.

नानांनी रेघा मोजल्या. अकरा. परत मोजल्या. अकरा.

नानांच्या पत्नी पलंगावरून म्हणाल्या, “काय व्हयनं?”

“काही नही,” नाना म्हणाले.

झोप आली नाही. पहाटे पाचला ते उठले. बाथरूममध्ये गेले, दिवा लावला, स्टुलावर बसले. मिक्सर समोर होता. दोन्ही नॉब उघडे, हँड शॉवर खुंटीवर, त्याचं बटण बंद. एक थेंब गळत नव्हता. नानांनी पेचकस आणला, टोक मिक्सरला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

काही नाही. नुसती शांतता.

मग खाली कुणीतरी लवकर उठणारं उठलं. कुठेतरी बादली टेकल्याचा आवाज आला, नळ उघडला असावा. आणि नानांच्या कानात, मिक्सरच्या आतून, पाणी वाहायला लागलं. बारीक, एकसारखं, थांबेना. खालचा नळ बंद झाला तसं तेही थांबलं.

नळ बंद होता आणि त्यातून पाणी वाहत होतं. थंडकडून गरमकडे. बटणाने तोंड बंद केलेलं, पण आत दोन्ही वाटा एकमेकींना उघड्या. नानांना स्वतःला कधी पाणी कमी पडलं नव्हतं, कारण त्यांनी बटण दाबलं की जमवलेला मेळ बरोबर मिळायचा. बाराही घरांत तक्रार नसलेलं घर हे एकच होतं. ते नानांच्या आता लक्षात आलं.

त्यांनी दोन्ही नॉब फिरवून घट्ट बंद केले.

सात वाजता इमारतीत कल्ला झाला. पाणी कढत आलं होतं. दुसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी हात भाजता भाजता वाचला. लोक टॉवेल गुंडाळून जिन्यात आले, एकमेकांना सांगू लागले. प्रमुखांनी गवंड्याला फोन करून नको म्हणून कळवलं. मग सगळे पार्किंगमध्ये जमले तशी चर्चा सुरू झाली की हे झालं कसं. कुणी म्हणालं, नळ्या धुतल्या त्याचा गुण आता आला. कुणी म्हणालं, उत्तरायण झालं, ऊन वाढलं.

प्रमुख हसून म्हणाले, “जोयुं ने? 102 चा कॉक बंद केला, त्याचाच हा परिणाम. थोडा वेळ लागला एवढंच.”

दोघा-तिघांनी माना हलवल्या. लेसवाली ताई मुलींना शाळेत सोडायला निघाली होती. ती थांबली नाही, मुलीचं दप्तर सावरून पुढे झाली.

नाना लिफ्टपाशी उभे होते. काही न बोलता ते वर जाऊ शकत होते. पाणी आलं होतं, भिंत वाचली होती, वर्गणी वाचली होती. नॉब कुणी बंद केले हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि विचारणारही कुणी नव्हतं.

“थांबा,” नाना म्हणाले.

सगळे वळले. ताईही वळली. नानांना हिंदी येत होतं, गुजरातीही येत होतं, पण तोंडातून पहिल्यांदा घरातलीच बोली आली.

“दोष मन्हाच घरमा शे.”

काही जणांना कळलं, काहींना नाही. मग नानांनी ते सगळ्यांना कळेल असं परत सांगितलं. हँड शॉवरचं सांगितलं, दोन नॉबचं सांगितलं, पेचकसाचं सांगितलं. अकरा घरं तपासली आणि बारावं तपासायचं सुचलंच नाही, हेही सांगितलं. कुणी हसलं नाही. प्रमुख आपल्या चपलेकडे बघत राहिले.

नाना ताईसोबत पहिल्या मजल्यावर गेले. मुली दारात थांबल्या. बाथरूममध्ये त्यांची खडूची रेघ होती तशी होती. कॉक महिन्याभरात गच्च झाला होता. दोन्ही हातांनी जोर लावल्यावर तो फिरला. नळ आधी खाकरला, अडकलेली हवा फुसफुसत निघाली, मग थंड पाणी, मग कोमट, मग गरम. ताईने हात धरला. सुईने टोचून टोचून तिच्या बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते. ती बराच वेळ हात तसाच धरून राहिली.

“मीटिंगमध्ये तुम्ही मान हलवली होती, नाना,” ती म्हणाली. “मी बघितलं होतं.”

“हो,” नाना म्हणाले.

“चहा घेता?”

नानांनी चहा घेतला.

पुढच्या मीटिंगमध्ये दोन गोष्टी ठरल्या. ज्या घरात बटणाचा शॉवर किंवा जेट स्प्रे मिक्सरला जोडलेला आहे, तिथे गरमच्या फाट्यावर एकाच दिशेने पाणी सोडणारा वॉल्व्ह बसवायचा. तो वॉल्व्ह पाणी मागे फिरू देत नाही. तशी आणखी दोन घरं निघाली. आणि 102 ने कोमट पाण्याच्या दुरुस्तीसाठी आजवर भरलेली वर्गणी ताईला परत द्यायची. हा दुसरा ठराव नानांनी मांडला आणि पैसे स्वतःच्या पेन्शनमधून दिले.

फेब्रुवारीत 301 मधल्या गुजराती काकूंची लेक इंग्लंडहून, लेस्टरहून फोनवर बोलत होती. तिकडे आंघोळीचं पाणीच काय, अख्खं घर गरम पाण्याने तापवतात. स्वयंपाकघरात छोटा बॉयलर, तिथून पाईप निघून खोल्याखोल्यांत भिंतीशी लोखंडी पट्ट्यांसारखे रेडिएटर, त्यांतून गरम पाणी फिरतं. तिच्या खोलीतला रेडिएटर धड तापत नव्हता आणि बाहेर बर्फ पडत होता. दुरुस्तीवाला आठवड्याने येणार होता. काकूंनी फोन नानांच्या हातात दिला. नानांनी आयुष्यात रेडिएटर बघितला नव्हता.

“एकाच खोलीत की सगळ्या घरात?”

“एकाच.”

“म्हणजे बॉयलर बरा आहे. हात लाव. वर गरम की खाली?”

“खाली गरम, काका. वर गार.”

“वर हवा अडकलीये. ती पाण्याला वर चढायला जागा देईना. बरं, त्याला शेवटचा हात कुणाचा लागला?”

तिकडे क्षणभर शांतता झाली. “माझाच,” ती म्हणाली. “भिंत रंगवायला मी तो काढून ठेवला होता.”

नाना मोठ्याने हसले. मग त्यांनी तिला सांगितलं की आधी हीटिंग बंद कर, गार होऊ दे. वरच्या टोकाला हवा सोडायचा छोटा स्क्रू असणार. त्याची किल्ली बाजारात मिळत असेल. खाली फडकं धर, अर्धा आटा फिरव. फुस्स आवाज येईल तोवर हवा आहे. पाणी ठिबकलं की आवळ. मग बॉयलरवरचा दाबाचा काटा बघ, खाली आला असेल तर त्याच्या पुस्तकात लिहिलंय तेवढं पाणी परत भर. तासाभराने तिचा फोन आला. रेडिएटर वरपर्यंत तापला होता.

ही गोष्ट मला ज्यांनी सांगितली ते त्याच इमारतीत राहतात. ते म्हणाले, नाना एवढे जाणते, पण बॉयलरची काच रोज तपासणाऱ्या माणसाला स्वतःच्या घराची काच तपासायची राहिली. मला त्याहून 102 चा कॉक लक्षात राहिला. दोष तिथे नाही हे रोज सकाळी पाणीच सांगत होतं, आणि इमारतीतल्या माणसांनी ते ऐकलं नाही. ज्याच्याकडे बोट दाखवायची सवय झालेली असते, त्याच्यावरचं बोट खाली घ्यायला पुरावा पुरत नाही. कुणीतरी उठून आपलं नाव घ्यावं लागतं.

आता दर वर्षी दिवाळीच्या आधी सोलरची तपासणी होते. खडू लेसवाली ताईची धाकटी मुलगी धरते. पहिली रेघ 403 च्या पाईपवर मारतात.